तंबूतलं माहेर

आमच्याकडे एक पद्धत आहे. बाईचा नवरा गेला की सव्वा महिना तिनं घर सोडायचं नाही. कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाकडचं जेवायचं नाही. मग माहेरच्यांनी यायचं, तिला न्यायचं, आपल्या हातचा वरणभात खाऊ घालायचा, एक रात्र झोपवायचं, एक साधी साडी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणून सोडायचं. याला मुक्काम म्हणतात. मुक्काम झाला की बाई मोकळी. कुठेही जा, कुणाच्या लग्नात उभी राहा, कोणी काही बोलत नाही. मुक्काम झाला नाही तर ती आपली तिथेच, तेराव्याच्या सतरंजीवर बसल्यासारखी.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे का? मुळीच नाही. मी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टिकली लावली, तर शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, काय बघताय, टिकली आहे. पण मुक्कामाची मी वाट बघत होते, अगदी डोळे लावून बघत होते, कारण माझ्या भाचीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मला त्या लग्नाला जायचं होतं. बाकी आयुष्यात तेव्हा मला काहीही नको होतं. जेवण नको, माणसं नकोत, टीव्ही तर नकोच नको. हे एवढं एकच हवं होतं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. आम्हाला मूलबाळ नाही. ही अकरावीला नाशिकला आली ती कॉलेज संपेपर्यंत आमच्याच घरी, सिडकोतल्या दोन खोल्यांत राहिली. तिचं नाव मी ठेवलेलं, बारशाला तिच्या कानात सांगितलेलं. माझा नवरा ओझरच्या कारखान्यातून थकून यायचा आणि चहा न घेता तिला स्कूटी शिकवायला ग्राउंडवर घेऊन जायचा. ती पडली की हा घरी येऊन मला रागवायचा, जणू मीच ढकललं. तो गेला तेव्हा ती आठवडाभर माझ्याजवळ झोपली होती. जाताना म्हणाली, "आत्या, तू नाही आलीस तर मी हळदीला बसणारच नाही. सांगून ठेवते."

तर भावाचा फोन आला. तो पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसवर सुपरवायझर आहे. बोलायला लागला की गाडी भरतोय असं वाटतं, सगळं एका दमात.

"आक्का, तुला मुक्कामाला न्यायचंय. पण घरी रंगकाम काढलंय गं. वासानं तुला त्रास व्हायचा. तर मी काय म्हणतो, आपण बाहेरच करू मुक्काम. वैतरणेच्या पाण्याकाठी तंबू हेत. डोंगर, पाणी, लय भारी जागा हे. तुलाबी जरा बरं वाटंल."

त्याच्या घराला दिवाळीत रंग दिलेला होता. हॉलला गुलाबी. तो रंगसुद्धा मीच निवडून दिला होता, कार्डावर बोट ठेवून.

मला कळायचं ते कळलं. घरात हळकुंडं फोडून झाली होती, म्हणजे ते आता लग्नघर होतं. लग्नघरात दुःखाचं माणूस रात्री झोपवत नाहीत. हे त्याचं डोकं नव्हतं, त्याच्या सासूबाईंचं होतं. त्या लग्नासाठी आधीपासूनच त्याच्याकडे येऊन राहिल्या होत्या. अंगाची नुसती लाही लाही झाली. ओठांवर आलं होतं, की अरे, तुझ्या पोरीला माझ्या घरात ताप यायचा तेव्हा रात्रभर उशाशी बसले, तेव्हा मी चालत होते का? पण मी गिळलं. मुक्काम झाला की लग्नाला जाता येणार होतं. तो कुठे का होईना.

"तंबूत मुक्काम धरतात का रे?" एवढंच विचारलं.

"मावशीला विचारलं मी," तो म्हणाला.

आमची मावशी सटाण्याकडची, घरातली शेवटची म्हातारी. अशा बाबतीत तिचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. तिनं त्याला फोनवर सांगितलं होतं, "भाऊ जठे शे, तठेच माहेर शे." म्हणजे भाऊ असेल तिथंच माहेर. फक्त एक अट घातली होती, की भात भावानं स्वतः शिजवला पाहिजे, तिथल्या आचाऱ्याचा चालायचा नाही. आणि बहिणीनं हात लावायचा नाही.

ऐन सीझनमध्ये रजा काढून तो आला, हे मी मान्य करते. पॅकहाउसवर त्या दिवसांत माणसाला पाणी प्यायला फुरसत नसते. व्हॅनच्या मागच्या सीटवर पातेलं, तांदूळ, डाळ, तुपाची बरणी, ताटं, सगळं पिशव्यांत भरून आणलं होतं. वहिनी आली नव्हती. "तिला घरी लय कामं," तो म्हणाला. रंगाची, असं माझ्या ओठांवर आलं, पण म्हटलं, जाऊ दे.

त्र्यंबकच्या रस्त्यानं निघालो, मग पहिन्याकडे वळलो. तो सबंध रस्ता द्राक्षांवर बोलत होता. कंटेनर कसे अडकले, मण्यांना साखर कशी कमी भरली, मजूर कसे मिळत नाहीत. मी काचेतून डोंगर बघत होते. महिन्याभरानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले होते आणि सगळं इतकं जागच्या जागी होतं, की मला राग आला. रस्त्यावर पेरू विकायला बसलेली बाई, ढाब्यावरची गर्दी, शाळेतून येणाऱ्या पोरी. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती, की पोरीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेला बाप लग्नाचा 'ल' काढत नव्हता.

जागा खरंच सुरेख होती, खोटं कशाला बोलू. धरणाचं पाणी डोंगरांच्या मधल्या खोबणीत लांबवर पसरलेलं, काठाला सुकत चाललेलं गवत, आणि गवतावर ओळीनं तंबू. वर दिव्यांच्या माळा, मध्ये शेकोटीची जागा, एका बाजूला मोठा स्पीकर. मुंबईची तरुण पोरं-पोरी पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होती. टोपी घातलेला मॅनेजर पुढे आला. "वेलकम सर, वेलकम मॅडम," करत आम्हाला आमच्या तंबूपाशी घेऊन गेला आणि चेन उघडली.

आत लाल फुगे. बदामाच्या आकाराचे. गादीवर गुलाबाच्या पाकळ्या, आणि टॉवेल दुमडून केलेले दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले.

"हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी सर," मॅनेजर म्हणाला.

माझ्या भावानं मोबाइलवर बुकिंग करताना दोन माणसं म्हणून कुठलं तरी बटण दाबलं होतं. त्याचा चेहरा असा झाला, की बघवेना. "अहो, बहीण हे माझी, बहीण! थोरली बहीण!" तो ओरडला. मॅनेजरनं जीभ चावली. माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि सॉरी सॉरी करत मागच्या मागे निघून गेला. भाऊ वाकून आत शिरला आणि फुगे ओढून काढायला लागला, तर ते फटाफट फुटायला लागले. शेजारच्या तंबूतल्या पोरींना वाटलं आमचं काही सेलिब्रेशन चाललंय. त्यांनी बाहेरून टाळ्या वाजवल्या.

आणि मला हसू आलं. इतकं आलं, की मी तिथेच गवतावर बसले. पोट धरून हसले. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा हसत होते. मग माझ्या मनात आलं, घरी गेल्यावर ह्यांना सांगितलं तर हे काय हसतील! आणि ते मनात आलं तिथंच हसू थांबलं. मग मी जी रडायला लागले, ती थांबेच ना. तेराव्यालासुद्धा मी इतकी रडले नव्हते. भाऊ हातात फुटलेले फुगे घेऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला. "आक्का," म्हणाला, "चूक झाली गं." मी म्हटलं, "चूक नाही रे बाबा. रडू दे मला."

संध्याकाळी भाताचं नाटक झालं. मॅनेजर म्हणाला, बाहेरचं अन्न शिजवायला परवानगी नाही, आमच्याकडे बार्बेक्यू आहे, भात पण देऊ. भाऊ म्हणाला, मलाच शिजवायचाय. का, म्हणून त्यानं विचारलं. भाऊ काय सांगणार? शेवटी मीच म्हटलं, "माझे मिस्टर गेलेत. आमच्यात भावानं शिजवायचा असतो." मग मॅनेजरनं स्वतः तीन दगड आणून पाण्याच्या जवळ लावून दिले, लाकडं दिली. जाताना स्पीकरचा आवाजही जरा कमी करून गेला.

आता माझ्या भावानं जन्मात भात केलेला नाही. आई होती तोवर आईनं, मग बायकोनं. मी घडीच्या खुर्चीत बसून बघत होते आणि मला हात लावायची परवानगी नव्हती.

"अरे, पाणी केवढं घातलंस!"

"तू गप बस. मावशीनं सांगितलंय, तू बोलायचंबी नाय."

"हात लावायचा नाही म्हणालीये. बोलायचं नाही असं नाही म्हणालेली."

"मंग आता म्हणतो मी."

धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते. फुंकणी नव्हती, म्हणून ताट घेऊन वारा घालत होता. चाळीस मजुरांवर दिवसभर ओरडणारा माणूस एका पातेल्यापुढे घामाघूम झाला होता. भात खालून करपला, वरून कच्चा राहिला. डाळ बरी झाली, पण मीठ विसरला. त्यानं ताट वाढलं, वर तुपाचा मोठा गोळा घातला आणि माझ्यापुढे दोन्ही हातांनी ठेवलं. "खा," म्हणाला.

मी सगळं खाल्लं. करपलेलंसुद्धा खरवडून खाल्लं. त्या वेळी मला मनापासून वाटलं, रंगकामाचं खोटं बोलला तर बोलला, पण माझा भाऊ आहे. घरात नेता आलं नाही म्हणून त्यानं डोंगरात येऊन माझ्यासाठी माहेर मांडलं. कोण करतं एवढं? माझा राग पार उतरला. मी त्याला विचारणारही होते, की हळदीला किती वाजता येऊ.

जेवण झाल्यावर त्यानं व्हॅनमधून साडीचा बॉक्स आणला. खाली बसून माझ्या पदरात नारळ घातला, बॉक्स हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. मी झाकण काढलं.

मुक्कामाची साडी साधी असते. सुती, फिकी, घरात नेसायची. तशीच द्यायची पद्धत आहे, आणि ते मावशीनं त्याला सांगितलं नसेल असं होणं शक्य नाही. बॉक्समध्ये मोरपंखी रंगाची रेशमी साडी होती. जरीचे काठ, पदरावर मोर, सोबत ब्लाउजपीस, आणि बॉक्सवर पिंपळगावच्या त्याच दुकानाचं नाव, जिथे आम्ही डिसेंबरात लग्नाचा बस्ता बांधला होता. आम्ही म्हणजे मीही. तेव्हा माझा नवरा जिवंत होता, बाहेर बाकावर बसून शेंगदाणे खात होता. आत्याची मानाची साडी मीच निवडली होती आणि वहिनी म्हणाली होती, ही तुम्हाला मांडवात नेसवू.

ती हीच होती.

मी साडीवरून हात फिरवत राहिले. मानाची साडी मांडवात देतात, सगळ्यांच्या देखत, हळदकुंकू लावून. ती इथे, पाण्याकाठी, कुणी बघत नसताना दिली जात होती. म्हणजे माझा मान करून झाला होता. देणं संपलं होतं. मला मांडवात बोलवायचंच नव्हतं. मुक्काम मला मोकळं करण्यासाठी नव्हता, तर त्यांना मोकळं होण्यासाठी होता.

"आवडली का?" भावानं विचारलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, चुलीतली लाकडं उगीच पुढेमागे करत होता.

"छान आहे," मी म्हटलं.

रात्री मी तंबूत झोपले, तो बाहेर व्हॅनमध्ये. झोप कसली येतेय.

सकाळी लवकर बाहेर आले तर पाण्यावर धुकं बसलेलं होतं. समोरचा डोंगर अर्धाच दिसत होता. भाऊ काठावर उभा होता, मफलर गुंडाळून, दोन्ही हात बगलेत घालून. मागून बघितलं तर हुबेहूब आमचे वडील. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला दिसत होतं, त्याला काही सांगायचंय आणि ते त्याच्या घशात अडकलंय. तो "आक्का" म्हणायचा आणि "थंडी हे लय" म्हणून थांबायचा. लहानपणी पेपरात नापास झाला की असंच करायचा. मग मीच वडिलांना जाऊन सांगायची.

मला त्याची दया आली. आणि एक वेडी आशाही वाटली, ती लपवत नाही. मी म्हटलं, "मी लग्नाला नाही आले तर चालेल ना रे?"

देवाशपथ सांगते, मला 'हो' नको होतं. मला तो चिडायला हवा होता. "येड लागलं का तुला आक्का, तुझ्याबिगर लग्न होईल का," असं काहीतरी ओरडायला हवा होता. आयुष्यभर माझ्यावर ओरडतच आलाय तो. एवढं एकदा ओरडला असता तर मी त्याच्या सासूलाच काय, सगळ्या गावाला तोंड दिलं असतं. मी वाट बघितली.

तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

आणि त्याचे खांदे सैल पडले. मला स्पष्ट दिसलं. पोतं उतरवून ठेवल्यावर हमालाचे पडतात तसे.

"म्हंजे तसं नाय आक्का," तो घाईघाईनं म्हणाला, "माझं काही नाय. पण पोराकडची माणसं जुनी हेत. सासूबाईंचंबी घरात चाललंय रोज. उद्या काही झालं, पोरीला काही कमी-जास्त झालं, तर म्हणतील..."

"कळलं मला," मी म्हटलं. "नको सांगूस."

मग तो बोलायला लागला. काल सबंध दिवस लग्नाच्या बाबतीत ज्याच्या तोंडाला कुलूप होतं, तो आता थांबेना. मांडव कुठे घालणार, केटरर कोणता ठरवला, जिलेबी ठेवायची की गुलाबजाम, वरातीला घोडा की गाडी. मोबाइल काढून पत्रिका दाखवली. हॉलच्या कमानीचे फोटो दाखवले. "रुखवतात काय काय मांडायचं आक्का, हिला काही सुधरत नाय," म्हणाला. मी सांगितलं. हळद किती भिजवायची, तेही सांगितलं. त्याचा चेहरा असा फुलला होता, की त्याला थांबवावंसं वाटेना. पोरीच्या लग्नाचा आनंद बिचाऱ्यानं माझ्यापुढे कालपासून दाबून धरला होता.

मॅनेजरनं पोहे आणून दिले. भावानं दोन घास खाल्ले आणि प्लेट खाली ठेवली.

"आक्का, एक काम करशील का?" म्हणाला. "पोरीला तूच सांग. मी सांगितलं तर ती ऐकायची नाय. घर डोक्यावर घेईल. तुझं ऐकती ती."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा लाजेल. पण तो खरंच विनवत होता. हात जोडल्यासारखे केले होते त्यानं. माझी मदत मागायला त्याला कधीच लाज वाटली नाही, ती सवय मीच लावलेली.

मी फोन लावला. तिथे रेंज काठावरच मिळायची, म्हणून पाण्यापाशी जाऊन उभी राहिले. तोही मागोमाग येऊन समोर उभा राहिला. भाचीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"आत्या! झाला ना मुक्काम? आता कधी येतेस? आदल्या दिवशीच ये, मी गाडी पाठवते."

"अगं, माझे गुडघे फार धरलेत," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, प्रवास नको. मला वाटतं, मला जमायचं नाही गं लग्नाला."

मागे त्यांच्या घरातला आवाज येत होता, भांड्यांचा, बायकांच्या हसण्याचा. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या, खरं सांग. बाबांनी काही सांगितलं का तुला? ते आहेत का तिथे, तुझ्याजवळ?"

तो हातभर अंतरावर होता. माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नाही गं," मी म्हटलं. "तो तिकडे चहा आणायला गेलाय."